हळू येणारं स्वयंपाकघर

सकाळी कारखान्याचं शटर वर गेलं की वहिनी आधी लॅपटॉपचं बटण दाबत आणि मग केरसुणी हातात घेत. ऑफिस म्हणजे कारखान्याच्या कोपऱ्यात प्लायवूडची भिंत घालून केलेली खोली. ती झाडून व्हायची, टेबलावरचा भुसा पुसून व्हायचा, खिडकीतल्या दोन कुंड्यांना पाणी घालून व्हायचं, पलीकडे करवतीचं मशीन एकदा ओरडून गप्प व्हायचं, तेव्हा कुठे पडद्यावर उजाडायचं.

"उठले का महाराज?" सुतारमामा दारातून विचारत.

"डोळे उघडलेत. पायावर उभे राहायचेत अजून," वहिनी म्हणत.

धंदा स्वयंपाकघरातल्या कपाटांचा. मालक वहिनींचे यजमान. त्यांना सगळा रस्ता कपाटवाले म्हणून ओळखायचा. गिऱ्हाईक यायचं, वहिनी त्याच्या घराची मापं लॅपटॉपमध्ये भरायच्या आणि लॅपटॉप त्यावरून तयार स्वयंपाकघराचं चित्र काढायचा. काढायचा म्हणजे काय, विणायचा. वरून खाली, एकेक पट्टी. आधी छत, मग वरची कपाटं, मग ओटा, मग खालचे खण, आणि सर्वांत शेवटी फरशी. दोन पट्ट्यांच्या मध्ये एवढा अवकाश, की माणसाने त्यात आपलं चुकलं कुठे याचा विचार करावा.

त्या वेळात वहिनी बोलायच्या.

"आता वरचं येतंय बघा. वरच्या फळीत कधीमधीचं, मधल्या फळीत रोजचं, खालच्या खणात न दाखवायचं. तुमच्याकडे न दाखवायचं काय काय आहे?"

गिऱ्हाईक हसायचं. हसलं की सांगायचं. "आमच्या सासूबाई रिकाम्या बरण्या टाकू देत नाहीत हो."

"मग त्यांना वेगळा खण देऊ. त्यांच्याच उंचीला. माझ्या कुठवर येतात त्या, खांद्याला की कानाला?"

"खांद्याला. पण आवाज कानाच्याही वर."

"आवाजाला दार लावता येत नाही बाई. बरण्यांना लावू."

फरशी पडद्यावर उमटेपर्यंत त्या घरात कोण डावखुरं, कुणाचे गुडघे दुखतात, कोण चोरून साखर खातं आणि कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, हे सगळं वहिनींना कळलेलं असायचं. आराखडा त्यांनी मनातल्या मनात बदलूनही टाकलेला असायचा. मग चित्र पुरं झालं तरी त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. "हो, असंच हवंय," म्हणून गिऱ्हाईक उठायचं. पडद्यावर दिसत असलेलं वेगळंच असायचं. पण गिऱ्हाईक आपलं घर डोळ्यांत घेऊन जायचं, आणि सुतारमामा वहिनींना विचारून तेच करून द्यायचे.

कपाटवाल्यांना मात्र या सगळ्यात एकच गोष्ट दिसायची. लॅपटॉप हळू आहे.

त्यातून चौकात एक काचेची शोरूम उघडली. तिथे म्हणे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर मोठा चष्मा चढवतात आणि ते जागच्या जागी आपल्या स्वयंपाकघरात फिरून येतं. कपाटवाले एकदा गिऱ्हाईक बनून जाऊन आले आणि दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. कारखान्यातली कामं कमी व्हायला लागलीच होती. आता हातात एकच मोठी आशा होती. गावाबाहेर एक इमारत उठत होती आणि तिच्यातल्या सगळ्या घरांची स्वयंपाकघरं एकाच कारागिराकडे जाणार होती. बिल्डर स्वतः येऊन आराखडे देऊन गेला होता. "शनिवारी माझ्या ऑफिसात या. माझ्या भागीदार बाई असतील. चित्रं दाखवा, पसंत पडली तर तुमचंच काम," एवढं त्याचं बोलणं. काम मिळालं तर कारखाना चालणार होता. नाही मिळालं तर शटर कायमचं खाली, हे कपाटवाले बोलले नव्हते, पण करवतीलासुद्धा ठाऊक होतं.

"या मशीनवर दाखवू मी बिल्डरला?" ते म्हणाले. "छत दिसेपर्यंत तो इमारत बांधून मोकळा होईल!"

"मी येते ना बरोबर," वहिनी म्हणाल्या. "बोलता बोलता येईल चित्र."

"बोलता बोलता! अगं, जग कुठे चाललंय!"

जग कुठे चाललंय ते ठाऊक असलेला माणूस घरच्यांतलाच होता. कपाटवाल्यांचा धाकटा भाऊ. त्याला संगणकातलं सगळं कळायचं, म्हणजे निदान तो बोलायला लागला की समोरच्याला काही कळायचं नाही. तो आला, त्याने लॅपटॉप पालथा घातला आणि पाठीचे स्क्रू काढले. आतून बचकभर भुसा पडला.

"दादा, हे मशीन नाही, वखार आहे."

"आमचंच लाकूड," सुतारमामा अभिमानाने म्हणाले.

धाकट्याने आतली जुनी हार्ड डिस्क उपटली आणि खिशातून एक नवी काढली. च्युइंगगमच्या पट्टीएवढी. "ही एसएसडी. जुन्या डिस्कमध्ये चकती फिरायची, तिच्यावर शोधत बसायला लागायचं. हिच्यात काही फिरत नाही. मागितलं की हजर. आणि जागा जुनीच्या आठपट."

"एवढीशी?" सुतारमामांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हिच्यात सगळी कपाटं मावतात? मग गिऱ्हाइकाला हीच का देत नाही?"

दुसऱ्या दिवशी वहिनींनी बटण दाबलं आणि केरसुणीकडे हात नेला, तोवर पडदा लख्ख उजाडला होता. त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. लग्नाच्या घरी लवकर पोचलेल्या पाहुण्यासारखं त्यांना झालं. शिवाय धाकट्याने जाता जाता सामानही लावून दिलं होतं. वहिनींनी आपल्या चित्रांना नावं दिली होती: "उंच आत्या", "दोन जावा एक शेगडी", "गुडघेदुखी निळं", "बरण्यावाली सासू". धाकट्याने त्यांचे आकडे केले होते.

"भावजी, माझी बरण्यावाली कुठे गेली?"

"के-शून्य-एकोणतीस. असंच ठेवायचं असतं, वहिनी. प्रोफेशनल."

चित्र मात्र अजूनही पट्टीपट्टीनेच येत होतं. कपाटवाल्यांचा चेहरा पडला. धाकट्याने समजावलं, "स्टोरेज वेगळं, ग्राफिक्स वेगळं, दादा. स्टोरेज म्हणजे कोठीची खोली. ती झाली मोठी. आता चित्र काढणारा हात हवा. तो या लॅपटॉपमध्ये बोर्डालाच चिकटवलेला असतो, बदलता येत नाही."

"मग रे?"

"रॅम वाढवू. त्याने थोडं होईल. आणि खरं हवं असेल तर बाहेरून लावू."

"बाहेरून म्हणजे?"

बाहेरून म्हणजे शिलाई मशीनच्या झाकणाएवढा एक काळा पेटारा. त्यात ग्राफिक्स कार्ड, त्याला दोन पंखे, त्याची वेगळी वायर, आणि त्यातून निघून लॅपटॉपच्या कुशीत शिरणारी एक आखूड नळी. काखेत मारून नेण्यासाठी घेतलेला लॅपटॉप आता दोघांनी उचलायची वस्तू झाला. सलाइन लावलेल्या माणसासारखा तो टेबलावर पडून राहिला. पेटारा चालू झाला की घोंघावायचा आणि त्याच्या पाठीतून गरम वारा यायचा. वहिनींच्या दोन कुंड्यांतली एक त्या वाऱ्यानेच सुकली.

पण चित्र! कपाटवाल्यांनी कळ दाबली आणि त्याच क्षणी कारखान्यात अंधार झाला.

"फ्यूज!" पलीकडून सुतारमामा ओरडले. "शेठ, करवत अर्ध्या फळीत अडकली!"

मुख्य वायर जुनी होती. करवत आणि पेटारा दोघांना एकदम पोसणं तिच्याच्याने होईना. तेव्हा ठरलं, की ऑफिसात गिऱ्हाईक असेल तेव्हा करवत बंद. सुतारमामा आणि त्यांच्या हाताखालचे दोघे फळीवर बसून राहायला लागले. "बरं आहे," सुतारमामा म्हणाले. "चित्र बघायचं असेल तर कपाट होणार नाही, कपाट करायचं असेल तर चित्र दिसणार नाही. एक काय ते ठरवा."

पहिलं गिऱ्हाईक आलं ते नवं लग्न झालेलं जोडपं. वहिनी खुर्ची पुढे ओढून बसल्या, पदर सारखा केला. "आता वरचं येतंय ब..."

आलं होतं. सगळंच आलं होतं. छतापासून फरशीपर्यंत, चकचकीत, नळावर पाण्याचा थेंबसुद्धा. वहिनींचं वाक्य अर्ध्यात राहिलं. आतापर्यंत त्या पडद्याच्या पुढे चालायच्या; आज पडदा त्यांना मागे टाकून गेला होता.

"झालं?" मुलगी म्हणाली.

"झालं!" कपाटवाले विजयाने म्हणाले. "रंग बदलून बघायचाय? निळा? हा घ्या निळा. हिरवा? हा हिरवा."

"पिवळा बघू," मुलगा म्हणाला.

"पिवळा कशाला? मला आवडत नाही माहितीये ना तुला?"

"मला काय आवडतं ते तू कधी विचारलंस?"

"राखाडीही आहे," कपाटवाले म्हणाले.

पूर्वी एका रंगाला चहा पिऊन व्हायचा, म्हणून कुणी दुसरा रंग मागायचं नाही. आता त्या दोघांनी सगळे रंग पाहिले, फिरून पहिल्यावर आले, आणि पहिल्या रंगाला येईपर्यंत त्यांचं लग्नच फिकट झालं होतं. "विचार करून सांगतो," मुलगा म्हणाला. मुलगी आधीच रस्त्यावर पोचली होती.

दुसऱ्या आल्या निवृत्त शिक्षिका. एकट्याच राहायच्या. चित्रात ऊन, सावली, चकाकी सगळं खरंखुरं यायला लागलं होतं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढा मोठा ओटा, आणि त्याच्यावर एकच कप."

"ते सजावटीला ठेवतं मशीन," कपाटवाले म्हणाले.

"हो, पण खरं आहे ते," त्या म्हणाल्या, आणि छत्री विसरून निघून गेल्या. वहिनी छत्री घेऊन मागे धावल्या. छत्री देऊन त्या परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, आणि कपाटवाले पेटाऱ्यावरची धूळ फुंकत होते.

"अहो, हे जरा हळू नाही का करता येणार?"

कपाटवाले मोठ्याने हसले. बाहेर फळीवर बसलेल्यांना ऐकू जाईल असे. "ऐकलंत का सुतारमामा? एवढा खटाटोप करून आणलं, आणि हिला हळू पाहिजे!"

फळीवर कुणी हसलं नाही.

शनिवार आला. बिल्डरच्या घरांचं चित्र धाकट्याने स्वतः बनवलं होतं. इमारतीच्या जागेवर जाऊन मापं घेतली, दोन्ही विंगा जशाच्या तशा उभ्या केल्या, सूर्य कुठे उगवतो ते भरलं, दुपार निवडली. वहिनींनी आराखडे आधीच पाहून ठेवले होते.

"त्या स्वयंपाकघरांत उजेडच येत नाही," त्या पेटाऱ्याची वायर गुंडाळून देता देता म्हणाल्या. "खिडकीसमोर दुसऱ्या विंगेची भिंत आहे. पांढरी दारं द्यावी लागतील, वरच्या फळीखाली दिवे, एखाद्या दाराला काच. आणि ते सगळं चित्र दिसायच्या आत बोलावं लागेल. मी साडी बदलून येते."

"तू कशाला?" कपाटवाले म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. म्हणूनच हे त्यांनी अगदी प्रेमाने म्हटलं. "तुझी दगदग आता संपली. तू इतकी वर्षं घसा कोरडा केलास तो मशीन धड नव्हतं म्हणून. आता चित्रच बोलेल. तू आपली डिंकाचे डबे मोजून ठेव."

वहिनींनी वायरची शेवटची गाठ जरा जास्तच घट्ट मारली, आणि ती सोडवायला बिल्डरच्या ऑफिसात दोघा भावांना दातांची मदत घ्यावी लागली.

ऑफिस थंडगार होतं. काचेच्या टेबलामागे बिल्डर, आणि त्याच्या शेजारी त्याच्या भागीदार बाई. जमीन त्यांची, बांधकाम याचं. पेटारा ठेवायला टेबलावरचा फुलांचा गुच्छ खाली उतरवावा लागला. प्लगसाठी वातानुकूलन बंद करावं लागलं. पेटारा घोंघावला आणि त्याच्या गरम वाऱ्याने बिल्डरचे कागद खोलीभर उडाले. ते वेचायला कपाटवाले टेबलाखाली गेले. बाहेर आले तेव्हा चित्र लागलेलं होतं.

काय चित्र होतं! दाराची मूठ धरावीशी वाटेल असं. फक्त काळोखात. भर दुपारी त्या स्वयंपाकघरात विहिरीच्या तळाशी असतो तेवढा उजेड होता. खिडकीबाहेर हात लांब केला तर लागेल अशी एक भिंत उभी होती.

"ही भिंत कसली?" भागीदार बाईंनी विचारलं.

बिल्डरने वेचलेले कागद पुन्हा लावायला घेतले. कपाटवाल्यांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकटा फुलून आला. "दुसरी विंग, मॅडम! एकदम ॲक्युरेट. मी जागेवर जाऊन मोजलीये."

"मला दाखवलेल्या नकाशात दुसरी विंग लांब होती. मध्ये बाग होती."

"बाग जागेवर नाहीये, मॅडम," धाकटा म्हणाला. "तिथे अजून एक घर बसवलंय प्रत्येक मजल्यावर. थांबा, वरून दाखवतो." आणि त्याने कळ दाबली. लॅपटॉप हळू असता तर बिल्डरला हात पुढे करायला वेळ मिळाला असता. पण चित्र क्षणात आकाशात चढलं. एकमेकींना खेटून उभ्या दोन विंगा दिसल्या आणि त्यांच्यामध्ये वहीत ठेवलेल्या पानासारखा चपटा झालेला अंधार.

खोलीत फक्त पेटाऱ्याचा आवाज होता. इथे कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. काय ते कपाटवाल्यांना समजेना. वीस वर्षांत ही वेळ कधी त्यांच्यावर आलीच नव्हती.

"तर... असं आहे," ते म्हणाले. "रंग बदलून बघायचाय का?"

भागीदार बाई उठल्या. "रंग दिसायला उजेड लागतो," त्या म्हणाल्या आणि बिल्डरला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. दार लागलं. थोड्या वेळाने बिल्डर एकटाच बाहेर आला. त्याचा चेहरा सुतारमामांच्या तासलेल्या फळीसारखा झाला होता.

"मी तुमच्याकडे कपाटं मागितली होती," तो अगदी हळू म्हणाला. "सूर्य कुणी मागितला होता?"

काम काचेच्या शोरूमला गेलं. त्यांच्या चित्रात खिडकीबाहेर सरसकट फुलं असतात. भागीदार बाईंनी बाकी काय ते वकिलामार्फत मिटवलं, पण कपाटवाल्यांचं नाव दोन्ही बाजूंना सारखंच कडू झालं होतं.

घरी आल्यावर कपाटवाले धाकट्याला म्हणाले, "पहिल्यासारखं करून दे रे. जुनी डिस्क आहे ना?"

"ती मी पुसून सिनेमे भरायला घेतली, दादा. टाकाऊच होती ना?"

"मग हेच हळू कर."

"हळू?" धाकट्याने डोकं खाजवलं. "पेटारा काढला तर आता चित्रच येत नाही, आणि हळू करायचं मला नाही येत. ते कुणालाच येत नाही."

शटर खाली आलं. करवत विकली गेली, रंधे गेले. सुतारमामा काचेच्या शोरूमची कपाटं बसवायला लागले. तिथे रंधा मारायचा नसतो, फक्त स्क्रू पिळायचे असतात. "हात आहेत अजून, पण त्यांना काही विचारत नाही कुणी," ते एकदा वहिनींना भेटून सांगून गेले. पेटारा आणि लॅपटॉप तेवढे घरी आले, कारण ते घ्यायला आलेला माणूस पेटारा उचलून म्हणाला, याला लॅपटॉप म्हणायचं कसं?

मग एक दिवस शोरूमचा मॅनेजर दारात उभा राहिला. एक गिऱ्हाईक बाई चष्मा घालून आपल्या स्वयंपाकघरात फिरून आल्या होत्या आणि बाहेर येताच चक्कर येऊन खुर्चीत बसल्या होत्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं होतं, "पण माझ्या सासूबाईंच्या बरण्या कुठे ठेवायच्या ते कोण सांगणार? ती बोलणारी बाई कुठे आहे?" आणि असं विचारणाऱ्या त्या पहिल्या नव्हत्या.

वहिनी आता शोरूमला जातात. तिथली यंत्रं पेटाऱ्याहून जलद आहेत. मापं भरायच्या आत चित्र तयार असतं. वहिनी आधी पडदा भिंतीकडे वळवतात. मग खुर्ची पुढे ओढतात आणि गिऱ्हाइकाला म्हणतात, "आमचं मशीन जरा हळू आहे हं. चित्र यायला वेळ लागेल. तोवर सांगा, वरच्या फळीत काय ठेवता?" मॅनेजरने सुरुवातीला एकदा आक्षेप घेतला होता. महिन्याच्या ऑर्डरी पाहिल्यावर त्याने वहिनींच्या टेबलाशी चहाची किटली ठेवून दिली.

संध्याकाळी त्या घरी येतात तेव्हा बोलून बोलून घसा कोरडा पडलेला असतो. बाहेरच्या खोलीत पेटारा घोंघावत असतो. एसएसडीत जागा भरपूर होती, ग्राफिक्स तर उत्तमच होतं, तेव्हा धाकट्याने दादाचं मन रमावं म्हणून त्यात मोटारींच्या शर्यतीचा खेळ भरून दिला आहे. तो आपल्या घरून खेळतो, दादा इथून. पडद्यावरचे रस्ते ओले चमकतात, दोन्ही बाजूंची झाडं सुसाट मागे पळतात, कुठेही, क्षणभरही, काही अडत नाही. वहिनींची उरलेली कुंडी तेवढी त्यांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली आहे.

परवा त्यांनी चप्पल काढता काढता विचारलं, "कसा गेला दिवस?"

"दुसरा आलो आज," कपाटवाले पडद्यावरून डोळे न काढता म्हणाले.

वहिनींनी चप्पल कोपऱ्यात सरकवली. "आणि पहिलं कोण?"

"धाकटा."

त्यांनी मान हलवली, आत गेल्या, आणि चहाचं आधण मंद गॅसवर ठेवलं.